दिसल्या किती, आहेत किती: कृष्णेतल्या मगरींची नोंद कशी ठेवायची

मगर दिसली नाही त्या दिवशीही वहीत ओळ लिहायची. तारीख, वेळ, जागा आणि आकडा शून्य. मोजणी शिकायला माझ्याकडे जो कोणी येतो त्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो, कारण बहुतेक जण नेमके इथंच चुकतात. दहा फुटी धूड काठावर पसरलेलं दिसलं की फोटो निघतात, चार ग्रुपवर फिरतात. पुढचे दहा दिवस काही दिसत नाही, पण त्याची नोंद कुठंच राहत नाही. वर्षाअखेर हातात उरतात ते फक्त दिसल्याचे दिवस, आणि नदी मगरींनी भरलीय असं सगळ्यांना वाटायला लागतं.

मी पलूस तालुक्यातला. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात, कृष्णेच्या काठावर एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या पंपघरात ३१ वर्षं ऑपरेटर होतो. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यामुळं नदी दोन्ही वेळांना पाहिली. मोटर किती वाजता चालू केली, कधी बंद केली, ॲम्पिअर किती, जॅकवेलजवळ, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीजवळ, पाणी किती, हे रोज लॉगबुकात लिहायचं. मगरींची वही त्याच सवयीतून निघाली.

निमित्त मात्र वाईट होतं. १२-१३ वर्षांपूर्वी आमच्या गावात कपडे धुणाऱ्या एका बाईचा हात मगरीनं धरला. शेजारच्या बायकांनी ओढून काढली म्हणून ती वाचली, पण हात कायमचा अधू झाला. ग्रामसभा पेटली. सगळ्या मगरी उचलून न्या, असा ठराव मांडला गेला. आलेल्या वनरक्षकांनी साधा प्रश्न विचारला, ‘किती आहेत?’ एक म्हणाला पाच, दुसरा म्हणाला पन्नास. तिसऱ्यानं दोनशेचा आकडा सांगितला. मी वीस वर्षं नदीवर बसून होतो, पण मलाही सांगता येईना. त्याची लाज अजून आठवते. त्या आठवड्यात शंभर पानी वही आणली.

आधी नावाचा घोळ मिटवू. आमच्याकडची म्हातारी माणसं हिला सुसर म्हणतात. लांब, निमुळत्या तोंडाची खरी सुसर उत्तरेतल्या नद्यांत असते, कृष्णेत नाही. आपल्याकडं आहे ती रुंद तोंडाची मगर, गोड्या पाण्यातली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच मगरीला. तिला पकडणं, मारणं, अंडी हलवणं हा गुन्हा आहे. मोजणी करणाऱ्यालाही यातून सूट नाही. आपलं काम लांबून बघायचं आणि लिहायचं.

काठ आखून घ्या

सगळी नदी मोजायच्या नादाला लागू नका. कराडला कोयना मिळाल्यापासून हरिपूरला वारणा मिळेपर्यंतचा पट्टा एकट्याच्या आवाक्यातला नाही. आपल्याला पायी उरकेल आणि वर्षानुवर्षं जमेल एवढाच काठ घ्या. माझा ४ किलोमीटरचा आहे. त्याचे ५०० मीटरचे आठ तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला न हलणारी खूण हवी: जॅकवेल, पिंपळ, ओढ्याचं तोंड, घाटाची शेवटची पायरी. मी सुरुवातीला एका तुकड्याची खूण म्हणून करंजाचं झाड धरलं होतं. २०१९ च्या पुरात ते झाड दरडीसकट गेलं. तेव्हापासून एक पक्कं बांधकाम आणि त्यावरून मोजलेलं अंतर, अशी जोडी लिहितो. मोबाईलवर अक्षांश-रेखांशही नोंदवून ठेवा, म्हणजे खूण गेली तरी जागा सापडते.

प्रत्येक तुकड्यात उभं राहायची एकच जागा ठरवा. ती उंच दरडीवर हवी, पाण्यापासून लांब. मी पाण्याच्या कडेपासून किमान २५-३० फूट मागं थांबतो. मगर बघायला पाण्याशी उकिडवं बसलेला माणूस मगरीला खालून सावजाच्याच आकाराचा दिसतो. दरडीवरून समोरचा काठ चांगला दिसतो, आपल्या पायाखालचा दिसत नाही. म्हणून दोन तुकड्यांसाठी मी पुलावरून पलीकडं जातो आणि तिकडून आमचा काठ बघतो. ८×४० ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. जास्त मोठी घेतली तर हात थरथरतो आणि चित्र हलतं.

एका जागी १५ मिनिटं. मगर अर्धा-पाऊण तासही पाण्याखाली राहू शकते, त्यामुळं १५ मिनिटांत सगळ्या दिसतील असं नाही. पण दर वेळी १५ म्हणजे १५ च. कंटाळा आला म्हणून ५ मिनिटांत उठायचं नाही, आणि दिसतायत म्हणून अर्धा तास रेंगाळायचं नाही. एका दिवशी जास्त वेळ थांबलात तर त्या दिवशीच्या जास्त मगरी नदीतल्या नसतात, तुमच्या घड्याळातल्या असतात.

वार ठरवून टाका. माझा दुसरा आणि चौथा मंगळवार. रविवारी पोरं पोहायला येतात, काठ गजबजतो. दत्तजयंती, संक्रांत, अमावास्या-पौर्णिमेची औदुंबरची गर्दी, हे दिवस मोजणीला टाळतो, कारण माणसांच्या वर्दळीनं मगर काठ सोडते. ठरलेला दिवस अशा गर्दीत आला तर दुसऱ्या दिवशी जातो आणि ‘बुधवारी घेतली’ असं शेजारी लिहितो.

थंडीतली सकाळ

दिवसाच्या मोजणीला सगळ्यात चांगले महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. मगरीला अंगची ऊब नसते, ती उन्हातून घ्यावी लागते. थंडीत पहाटे हवेपेक्षा पाणी उबदार असतं, तेव्हा ती पाण्यातच राहते. ऊन काठावर पडून माती जरा तापली की एकेक बाहेर येते. आमच्याकडं हे साडेनऊच्या पुढं सुरू होतं. मी दहाला पहिल्या जागी उभा राहतो आणि दुपारपर्यंत आठवी जागा उरकतो. ढग असतील, वारा सुटला असेल तर मगरी कमी दिसतात. म्हणून वहीत हवामानाचा रकाना हवाच. ‘ऊन कडक, वारा नाही’ एवढं चार शब्दांत लिहिलं तरी चालतं.

आ करून पडलेली मगर चिडलेली नसते. जास्त झालेली उष्णता ती तोंडातून बाहेर टाकते. मात्र आपण दिसलो आणि ती पाण्यात सरकली, तर आपण फार जवळ गेलोय एवढं समजायचं आणि मागं यायचं. अशी घसरलेली मगर मोजायची, पण ‘आमच्यामुळं पाण्यात’ अशी खूण करायची.

आकाराचा अंदाज हा मोजणीतला अवघड भाग. भीतीनं प्रत्येक मगर दोन फूट वाढते. डोक्याची लांबी पकडा. तोंडाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंत जेवढी लांबी, त्याच्या साधारण सातपट सगळी मगर असते. डोकं सव्वा फुटाचं दिसलं तर मगर पावणेनऊ फुटांच्या आसपास. सवय लागावी म्हणून मी समोरच्या काठावर, कुणी नसताना, ६ फुटी पीव्हीसी पाईप ठेवला, या काठावरून दुर्बिणीनं बघितला आणि मग तो पाईप किती दिसतो ते डोळ्यात बसवलं. वहीत चारच गट ठेवतो: २ फुटांच्या आतलं पिल्लू, २ ते ४, ४ ते ६ आणि ६ च्या वरची. पाण्यावर नुसते डोळे-नाक दिसले आणि अंदाज येत नसेल, तर पाचवा रकाना, ‘फक्त डोळे’. तिथं ओढूनताणून आकार लिहू नका. अंदाजानं भरलेला रकाना पुढच्या दहा वर्षांची वही नासवतो.

हे गट का हवेत? मोठ्या मगरी दहा आणि मधल्या आकाराची एकही नाही, असं तीन वर्षं दिसलं तर समजायचं की घरटी किंवा पिल्लं जगत नाहीत. एकूण आकडा तसाच राहतो, मगर दीर्घायुषी आहे म्हणून. खाली मात्र नव्या मगरींची भरती थांबलेली असते. नुसती एकूण संख्या लिहिणाऱ्याला हे फार उशिरा कळतं.

पातळीचा रकाना

माझ्या वहीतला सगळ्यात उपयोगी रकाना मगरींचा नाही, पाण्याचा आहे. जॅकवेलच्या भिंतीवर मी रंगानं फुटाच्या खुणा केल्यात. मोजणीला निघताना आणि परतताना ती पातळी लिहायची.

कृष्णेचं पाणी पावसाळा सोडला तर आपोआप वाढत-घटत नाही. कोयना धरणातून किती सुटलं, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप चालू आहेत की बंद, बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेत की काढलेत, यावर ते ठरतं. पावसाळा सरला की बर्गे बसतात, पाणी तुंबतं, वाळूचे आणि गाळाचे पट्टे बुडतात. पातळी उतरली की तेच पट्टे उघडे पडतात आणि मगरींना ऊन खायला जागा होते.

एका जानेवारीत असं झालं. माझ्या ४ किलोमीटरमध्ये थंडीत साधारण ८-९ मगरी दिसायच्या, त्या मंगळवारी १७ दिसल्या. पंधरा दिवस गावात एकच चर्चा, मगरी दुप्पट झाल्या, कुणीतरी आणून सोडल्या. मी वही उघडली. त्या दिवशी पातळी नेहमीपेक्षा ४ फूट खाली होती, कारण खालच्या बंधाऱ्याचं पाणी दुरुस्तीसाठी सोडलं होतं. पुढच्या महिन्यात पाणी पुन्हा चढलं आणि आकडा ९ वर आला. मगरी तेवढ्याच होत्या, काठ उघडा पडला म्हणून दिसल्या. हा कागद मी ग्रामसभेत वाचून दाखवला. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी ‘दिसल्या’ आणि ‘आहेत’ हे दोन शब्द वेगळे धरले.

तसंच पद्धत बदलण्याचं. एका वर्षी एका ओळखीच्या नावाड्यानं होडी दिली, मी चालणं सोडून होडीतून मोजायला लागलो. आकडा लगेच वाढला, कारण कपारीतल्या, आपल्या बाजूच्या दरडीखालच्या मगरीही दिसायला लागल्या. पण मागच्या सहा वर्षांशी त्याची तुलना कशी करणार? ती चूक माझीच होती. पुढची एक सबंध थंडी मी दोन्ही पद्धतींनी मोजलं, एका मंगळवारी पायी, त्याच्या दुसऱ्या दिवशी होडीतून, तेव्हा कुठं दोहोंचा मेळ बसला. पद्धत बदलायचीच असेल तर जुनी एकदम सोडू नका, एक हंगाम दोन्ही चालवा.

दोघांनी मोजा

माझी थोरली लेक बारावीला गणित शिकवते. सुट्टीत आली की माझ्याबरोबर काठावर येते. एकदा ती म्हणाली, ‘आप्पा, तुम्हाला न दिसलेल्या किती असतील तेही काढता येतं.’ ती रीत सोपी आहे.

दोघांनी एकाच जागी उभं राहायचं, पण बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. दोघांकडं त्या तुकड्याचा हातानं काढलेला नकाशा. ज्याला जी मगर दिसेल ती त्यानं आपल्या नकाशावर मांडायची. शेवटी नकाशे शेजारी ठेवायचे. समजा मला ८ दिसल्या, तिला ६, आणि त्यातल्या ५ दोघांनाही दिसल्या. म्हणजे मिळून ९ वेगळ्या मगरी. आता ८ गुणिले ६, भागिले ५. उत्तर ९.६. म्हणजे दोघांच्याही नजरेतून साधारण एखादी सुटली. दोघांना दिसलेल्या सामाईक मगरी जितक्या कमी, तितकी सुटलेल्यांची संख्या जास्त.

यात एक मोठी मेख आहे, ती लक्षात ठेवा. बुडी मारून बसलेली मगर दोघांनाही दिसत नाही, त्यामुळं ती या हिशेबात येतच नाही. हा आकडा ‘त्या वेळी दिसू शकत होत्या’ अशा मगरींचा आहे. म्हणून एकाच थंडीत किमान तीनदा मोजायचं. तीन वेळांतला सर्वांत मोठा आकडा म्हणजे ‘निदान इतक्या तरी आहेत’, आणि तिन्हींची सरासरी वर्षावर्षांची तुलना करायला. ती किलोमीटरमागं काढा: ४ किलोमीटरमध्ये सरासरी ८, म्हणजे किलोमीटरला २. मग शेजारच्या गावचा पट्टा ३ किलोमीटरचा असला तरी दोन्ही शेजारी ठेवता येतात.

रात्रीची मोजणी

ही एकट्यानं करायची नाही. वनविभागाला कळवून, त्यांची माणसं बरोबर असतानाच करायची. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली रात्र घ्या. बॅटरी कपाळाशी किंवा डोळ्यांच्या रेषेत धरायची, कमरेशी धरली तर डोळा चमकत नाही. मगरीच्या डोळ्यामागं आरशासारखा पडदा असतो, उजेड त्यावर आदळून आपल्याकडं परत येतो. लालसर-केशरी, निखाऱ्यासारखा ठिपका दिसतो. म्हशीचा डोळा हिरवट चमकतो आणि उंचावर असतो. काठच्या गवतात टाचणीच्या टोकाएवढे चमचमणारे ठिपके दिसतात, ते कोळी. पहिल्या रात्री नवा माणूस कोळ्यांनाही मगरीत धरतो, म्हणून त्याचा पहिल्या रात्रीचा आकडा मी मोजणीत घेत नाही.

रात्री छोटी पिल्लं चांगली कळतात. दिवसा ती पानकणसात, बेशरमीच्या जाळीत दडलेली असतात आणि कुणालाच दिसत नाहीत. मे-जूनमधली एक रात्रीची मोजणी वर्षभरातल्या पिल्लांचा अंदाज देते. त्यापेक्षा जास्त वेळा रात्री नदीवर जायचं कारण नाही.

घरटं

मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाण्याच्या वरच्या उतारावर माती उकरून अंडी घालते, साधारण २५-३०. वरून माती ओढून बुजवते. दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं आतून आवाज करतात आणि आई येऊन माती उकरते. मग ती पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते. आमच्याकडं अनेकांनी हे पाहिलंय आणि ‘मगर स्वतःची पोरं खाते’ असं ठरवून टाकलंय. खात नाही. पोहोचवते.

घरटं शोधायला काठ तुडवत जाऊ नका. समोरच्या काठावरून बघा: एकच मोठी मगर आठवडेच्या आठवडे एकाच उताराखाली असते, उतारावर पोट घासत गेल्याची गुळगुळीत वाट असते, वर ताजी उकरलेली माती असते. तीनपैकी दोन खुणा दिसल्या की ‘घरटं असावं’ असं लिहायचं. ‘आहे’ असं लिहायचं ते पिल्लं दिसल्यावर. पाण्यापासून उभी उंची किती असेल, सावली कसली, वर ऊस आहे की गवत, हेही लिहा. ही उंची फार महत्त्वाची. एका एप्रिलमध्ये मी पाण्यापासून ३ फुटांवर धरलेलं घरटं, वरून पाणी आल्यावर चार दिवस बुडून होतं. मादी तिथंच घुटमळत राहिली. त्या वर्षी तिथं एकही पिल्लू दिसलं नाही. सावलीचंही तसंच. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, ३१ च्या खाली माद्या. बांध साफ करायचा म्हणून काठच्या बाभळी तोडल्या की त्या घरट्यातल्या पिल्लांचा हिशेबही बदलू शकतो.

घरट्याची जागा कोणत्याही ग्रुपवर टाकायची नाही. फोटोत मागचं देऊळ किंवा पूल दिसला तरी जागा कळते. ती फक्त वनरक्षकांना सांगायची. हा माझ्या काठावरचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला मी पुन्हा बरोबर नेत नाही.

नदीची नोंद

मगरी मोजून नदी मोजायची राहिली, तर आकडा का बदलला ते कधीच कळणार नाही. म्हणून दर दोन महिन्यांनी प्रत्येक तुकड्याचा एक फोटो, त्याच जागेवरून, त्याच दिशेला. फोटोच्या एका कोपऱ्यात ती न हलणारी खूण आलीच पाहिजे. सहा वर्षांचे फोटो ओळीनं लावले तेव्हा मला दिसलं की माझ्या तिसऱ्या तुकड्यात ऊस दरडीच्या कडेपर्यंत आला आणि गवताचा पट्टा संपला. रोज बघताना ते ध्यानात आलं नव्हतं.

त्याशिवाय प्रत्येक तुकड्याचं लिहायचं: उघडी वाळू किंवा गाळ किती पावलं, वाळू उपशाच्या खुणा, ट्रॅक्टरची चाकं, लावलेली जाळी, कपडे धुणाऱ्या बायका किती, म्हशी कुठं उतरतात, कुत्री किती. कोंबड्यांची आतडी, मेलेली जनावरं कुठं टाकतात ते तर नक्कीच लिहा. आमच्या घाटाच्या वर शंभर पावलांवर दोन वर्षं असा ढीग पडत होता आणि मोठ्या मगरी तिथं ठाण मांडून होत्या. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात पाण्याला वास, काळसर रंग, मेलेले मासे दिसले तर तारीख-वेळेसह फोटो काढा, माशांच्या जाती आणि अंदाजे संख्या लिहा. असं एका वर्षी मी कळवलं, तर ‘पुरावा काय’ विचारलं गेलं. माझ्याकडं सांगायला तोंड होतं, तारीख नव्हती. तेव्हापासून मोकळी, स्वच्छ धुतलेली बाटली आणि चिठ्ठी पिशवीत असते. पण लक्षात ठेवा, नमुना काठावर वाकून घ्यायचा नाही, दोरीला डबा बांधून दरडीवरून घ्यायचा.

बरोबरचे शेजारीही लिहितो. मऊ पाठीची कासवं, पाणमांजरं, उन्हाळ्यात वाळूवर अंडी घालणारे नदी सुरय. सुरय यायचे थांबले तर उघडी वाळू गेली, हे मगरींच्या आधी कळतं.

वही कुठं न्यायची

पाच वर्षांची वही झाल्यावर मी एक कागद केला. वर नदी काढली, आठ तुकडे पाडले. मोठ्या मगरी नेहमी ऊन खातात त्या जागा लाल, घरटं असावं त्या जागा निळ्या, बायका-मुलं पाण्यात उतरतात त्या काळ्या. दोन ठिकाणी लाल आणि काळं एकमेकांवर आलं. बाईंचा हात धरला तो त्यातलाच एक. ग्रामसभेत नुसता हा कागद भिंतीला लावला. ठराव निघाला तो मगरी उचलायचा नव्हता. धुण्याची जागा ३०० मीटर खाली, उथळ आणि मोकळ्या तुकड्यात न्यायची, कोंबड्यांचा कचरा बंद करायचा, आणि मार्च ते जून निळ्या जागी म्हशी सोडायच्या नाहीत, असे तीन ठराव झाले. नव्या जागी पायऱ्या आणि हापशाचं पाणी मिळायला मात्र दोन वर्षं लागली. तोपर्यंत बायका जुन्याच घाटावर जात होत्या, आणि त्यांना दोष देता येत नाही. घरात नळाला पाणी नसेल तर नदीशिवाय त्या जाणार कुठं? पुढं कुंपण घातलेला घाट करावा असं मला वाटतं. श्रीलंकेत नदीकाठच्या गावांत आंघोळीच्या जागेभोवती पाण्यातच भक्कम कुंपण घालतात, मगर आत येत नाही. आपल्या नदीला पूर मोठा येतो, त्यामुळं ते पावसाळ्यापूर्वी काढून ठेवता येईल असं हवं, बर्ग्यांसारखं.

मगर विहिरीत, उसात किंवा वस्तीत आली तर मोजणी बाजूला ठेवा. माणसं लांब करा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दोरी, काठ्या घेऊन पोरं पुढं होतात, त्यांना आवरणं हे त्या वेळचं पहिलं काम. पकडलेली मगर कुठं सापडली, किती फुटांची, कुठं सोडली, हे नंतर वनरक्षकांकडून विचारून वहीत चढवा. नाहीतर आपल्या पट्ट्यात एक कमी झाली तरी ती मेली की नेली ते कळत नाही.

वहीची नक्कल ठेवा. २०२१ च्या पुरात पंपघरात पाणी शिरलं, तेव्हा माझी वही वाचली ती लेकीनं आधीच प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवल्यामुळं. आता ती दर महिन्याला संगणकावर चढवते. कागदाची वही तरीही चालू आहे, कारण काठावर ओल्या हातानं पेन्सिल चालते, मोबाईल चालत नाही.

जूनमध्ये पाणी गढूळ झालं, मोरीतून ओढे बोलायला लागले, की मोजणी थांबवायची. पुराच्या पाण्यात मोजलेला आकडा कशालाच जोडता येत नाही, आणि त्या दिवसांत मगरी उसात, ओढ्यांत, शेततळ्यांत पसरलेल्या असतात. या काळात फक्त कुठं दिसल्या ते लिहायचं, मोजायचं नाही. पाणी ओसरल्यावर आठही तुकडे एकदा पायी फिरून खुणा जागेवर आहेत का बघायचं. दरड कोसळली असेल तिथं नवी उभं राहायची जागा आणि त्याची तारीख. मग बर्गे बसून पातळी पंधरा दिवस स्थिर राहिली की पहिला मंगळवार धरायचा. यंदा आठव्या तुकड्यासाठी जोडीदार नाही. औदुंबरच्या बाजूचं कुणी असेल तर सकाळी पावणेदहाला पुलाच्या अलीकडच्या टोकाला यावं. टोपी, पाणी आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली आणाव्यात.